कप्पा क्रमांक पाच रिकामा आहे

मित्रांनो, मी एक जुना टेप-पेटारा आहे. माझ्या पोटात आठ कप्पे आहेत आणि प्रत्येकात तळहाताएवढी एक टेप. माझा लोखंडी हात रोज ठरल्या वेळी एक टेप उचलून माझ्या तोंडात घालतो आणि कॉम्प्युटरवर असेल नसेल त्या सगळ्याची मी नक्कल उतरवून घेतो. याला बॅकअप म्हणतात. यात कौतुक करण्यासारखं काही नाही, आणि कुणी केलंही नाही.

जन्माला आलो तेव्हा कारखान्यात मला दहा हजार वेळा टेप आत-बाहेर करायला लावली. त्याला चाचणी म्हणतात. पुढे नोकरीत माझी चाचणी घ्यावी असं फारसं कुणाला वाटलं नाही.

मला नोकरी लागली ती एका बूट बनवणाऱ्या कार्यशाळेत. ज्यांचे दोन पाय एकमेकांशी जुळत नाहीत, अशांसाठी तिथे बूट शिवतात. मालकांच्या वडिलांनी तीस वर्षं गुडघ्यावर बसून लोकांच्या पायांची मापं घेतली. प्रत्येक पायाचा लाकडी साचा केला. वडील गेले, मापं कॉम्प्युटरवर चढली, आणि साच्यांनी फार जागा अडते म्हणून मालकांनी ते जळणात काढले. म्हणजे आता वडिलांचं सगळं काम त्या एका कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि माझ्या पोटात.

माझी निवड झाली तो दिवस मला आठवतो. टेबलाभोवती मालक, कातडं कापणारे मामा आणि काकू बसल्या होत्या. काकू म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या बाई. तोवर रोज हाताने टेप बदलायचं काम त्याच करत. मालकांनी किती कप्पे, किती वेग, रंग कुठला, हे सगळं विचारलं. विक्रेता म्हणाला, "साहेब, मुख्य म्हणजे याला माणूस लागत नाही." या एका वाक्यावर मी विकला गेलो.

काकूंनी तेवढ्यात विचारलं, "ठेवतो ते कळलं. मागितलं तर परत देतो का?"

विक्रेता हसला. "काकू, ठेवलेलं जातंय कुठे?"

"तेच विचारतेय," काकू म्हणाल्या. पण चहा आला आणि तो विषय राहिला.

पहिली तीन वर्षं बरी गेली. कातड्याची धूळ माझ्या तोंडात बसायची. ती बसली की माझा पिवळा दिवा लागे, आणि काकू आठव्या कप्प्यातली साफसफाईची टेप फिरवून माझं तोंड धुऊन काढत. शुक्रवारी पाचवी टेप भरली की ती लोकरीच्या मोज्यात घालून घरी नेत आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी परत आणत. मला हे मुळीच आवडायचं नाही. माझ्या काचेवर मी ताबडतोब लिहायचो: 'कप्पा क्रमांक पाच रिकामा आहे.' सरळ सरळ चोरीची तक्रार म्हणा ना.

मग मालकांना ते वाक्य पुन्हा आठवलं: माणूस लागत नाही. एका शुक्रवारी काकूंना शाल आणि घड्याळ देऊन निरोप दिला गेला. सोमवारी मालकांनी आठवा कप्पा उघडला. "ही टेप काही लिहीत नाही, नुसती बसून असते," असं म्हणून तिथे लिहिणारी टेप घातली आणि साफसफाईची टेप टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवली. माझा पिवळा दिवा लागला तो लागलाच. डोळ्यांना त्रास होतो म्हणून मामांनी त्यावर कातड्याची एक गोल चकती चिकटवली. मित्रांनो, इतकं मापात बसलेलं कातडं मी दुसरं पाहिलं नाही.

'नीट लिहिता येत नाही,' असं मी रोज कळवत होतो. कळवत होतो काकूंच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला. त्यावर आता कापड घातलेलं होतं.

चार महिन्यांनी मुख्य कॉम्प्युटर गेला. समोर एक पोस्टमन बसला होता. त्याचा डावा पाय आखूड, जुने बूट फाटलेले, आणि पायांना अजून अर्धं गाव हिंडायचं होतं. दुरुस्तीवाल्याने माझ्या सातही टेपा लावून पाहिल्या. एकही वाचता येईना; धुळीने भरलेल्या तोंडाने मी चार महिने त्यांच्यावरच पुन्हा पुन्हा लिहून सगळं बिघडवलं होतं.

मालक खुर्चीत बसले ते उठेचनात. "बाबांचं एकही माप राहिलं नाही हो, मामा."

मामा माझ्याकडे बघत होते. "हा चार महिने एकच पालुपद लावून बसलाय. पाच रिकामा, पाच रिकामा. अहो, मग पाच नंबर गेला कुठे?"

मालकांचा चेहरा उतरला. फोन त्यांना स्वतःलाच करावा लागला.

काकू अर्ध्या तासात आल्या. पिशवीतून मोजा काढला. "मला वाटलं, मागाल. मग वाटलं, नको असेल." एवढं बोलून त्यांची नजर टेबलावर गेली. "आणि हे इथे काय करतंय?"

"ते... कागद उडतात," मालक म्हणाले.

"उडू देत."

त्यांनी आधी माझं तोंड धुतलं, चकती सोलून काढली, मग पाचवी टेप लावली. मला वाचायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मालक एकदाही खाली बसले नाहीत. मग पडद्यावर पोस्टमनचा डावा पाय उमटला, बाजूला वडिलांचा शेरा: 'टाच हळवी. पावसाळ्यात सुजते.' मालकांनी चष्मा पुसला. पोस्टमन म्हणाला, "त्यांनी हेही लिहिलं होतं?"

मधले चार महिने मात्र गेले ते गेलेच. त्या काळातल्या एकशे बारा माणसांना मालकांनी स्वतः फोन केला आणि पुन्हा माप घ्यायला ते स्वतः गुडघ्यावर बसले. वडिलांसारखं बसणं त्यांना तेव्हाच जमलं.

मित्रांनो, माझ्यासारखा पेटारा निवडाल तेव्हा कप्पे जरूर मोजा. पण ठेवलेलं मधूनमधून परत मागत जा. न मागता नुसता विश्वास ठेवलात, तर मीसुद्धा नुसता ठेवल्यासारखं करतो. माझं तोंड पुसा, आणि एक टेप माझ्यापासून लांब राहू द्या. मी तक्रार करीन, लक्ष देऊ नका.

काकू आता दर शुक्रवारी येतात. खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "हं, दे बघू पोस्टमनचा डावा पाय."

मी देतो. मग त्या पाचवी टेप मोज्यात घालून घेऊन जातात, आणि मी काचेवर जे लिहायचं ते लिहितो.