चार करवंट्या

आमच्या सासूबाईंचा, दुर्गाबाईंचा, देवीवर विश्वास होताच. पण त्याहून काकणभर जास्त तो आपल्या विहिरीवर होता. भोसरीच्या अंगाला आमचं रान होतं, ते कंपनीसाठी गेलं आणि भोवती भिंत उभी राहिली. भिंत आखणाऱ्यानं काय पाहिलं कोण जाणे, पण सासऱ्यांनी स्वतः खणलेली विहीर भिंतीच्या हातभर बाहेर राहिली. सासरे तोवर गेले होते. रानाच्या बदल्यात आमच्या ह्यांना, ज्योतीरामरावांना, त्याच कंपनीत हेल्परची नोकरी लागली आणि सासूबाईंना विहीर उरली. पुढे कोपऱ्यावर नगरपालिकेचा नळ आला, पण सासूबाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "त्यात पावडर घालत्यात. मेलेलं पानी ते," म्हणायच्या. रोज सकाळी स्वतः कळशी घेऊन विहिरीवर जायच्या आणि आल्यावर पहिला तांब्या माझ्या हातात द्यायच्या. मी पोटुशी असले की दोन तांबे.

पोटुशी मी दोनदा राहिले होते. दोन्ही वेळा सातवा महिना लागता लागता सगळं संपलं. पहिला मुलगा होता. दुसरं काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता तिसऱ्यांदा सातवा लागला होता आणि नवरात्र आलं होतं. घरात कुणी तोंडानं काही म्हणत नव्हतं, पण उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसे सगळे माझ्या पोटाकडे बघायचे. मला त्या बघण्याचा संताप यायचा, आणि कुणी बघितलं नाही की भीती वाटायची.

आमच्याकडे घट बसतो. परडीत काळी माती, मातीत सात धान्यं, मधे पाण्यानं भरलेला घट, बाजूला अखंड दिवा. रोज एक फुलांची माळ चढते आणि मातीवर पाणी शिंपलं जातं. दसऱ्यापर्यंत धान चांगलं वितीएवढं वर येतं, आणि ते कसं आलं यावरून सासूबाई घराचं पुढचं वर्ष सांगायच्या. भिंत झाल्यापासून घट खुरटाच यायचा, पिवळा आणि विरळ. त्याच वर्षांत माझी कूस दोनदा रिकामी झाली. सासूबाईंनी दोन्हीची सांगड घालून टाकली होती.

"रस्त्याच्या कडंची माती आनून घालतूयास, देवीला चालंल व्हय?" त्या ह्यांना म्हणाल्या. "आवंदा आपल्या रानातली आन."

"आई, रानात आता प्लेटिंगचं खातं हाय."

"खात्याच्या खाली मातीच हाय न्हवं?"

प्लेटिंगचं खातं म्हणजे जिथं स्कूटरच्या दांड्यांना चकाकी चढवतात ते. वॉचमनला चहा पाजून ह्यांनी त्या खात्याच्या मागून पिशवीभर माती आणली. दिसायला अगदी पूर्वीसारखी काळीभोर. सासूबाईंनी ती मुठीत घेऊन कपाळाला लावली. मला तिचा वास गंजक्या खिळ्यासारखा आला, पण पोटुशीच्या नाकाचं कोण ऐकतं? तिला चुलीच्या धुरातही काहीबाही वास येत असतात.

घट बसला. पाणी मीच शिंपायचं असा सासूबाईंचा हुकूम होता, आणि पाणी अर्थातच विहिरीचं. तिसऱ्या माळेपर्यंत मातीला भेगा पडून मोड डोकावायला हवे होते. काही डोकावलं नाही. चौथ्या माळेला सासूबाई परडीपाशी वाकून वाकून बघायला लागल्या. पाचव्या माळेला त्यांनी बोटानं जरा माती उकरली आणि एक मटकीचा दाणा वर काढला. फुगलेला, काळा पडलेला. चिमटीत धरला तर त्याचा गाळ झाला. त्यांनी तो पदराला पुसला आणि काही न बोलता उठून गेल्या.

सासूबाई बोलल्या नाहीत म्हणून मी घाबरले. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर त्या माझ्या माहेरच्या सात पिढ्यांची विचारपूस करायच्या. मी सातवी पास, घटात काय आणि पोटात काय, दोन्हींचा संबंध नाही हे मला समजत होतं. समजून काय करता? त्या दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी परडीसमोर बसले आणि जे जमेल ते केलं. चुलीतली ऊनऊन राख परडीभोवती पसरली. हळदीचं पाणी शिंपलं. दिवा जवळ ओढला. शेवटी परडीला दोन्ही हातांनी कवळ घालून बसले आणि म्हणाले, "उगवा गं बायांनो, सगळ्या नका, एक तरी उगवा." आता आठवलं की स्वतःचीच कीव येते. पण तेव्हा मी खरंच रडत होते.

त्याच दुपारी उसळीसाठी बांधून ठेवलेली मटकी सोडली. फडकं उघडलं तर दाण्यादाण्याला बोटाच्या पेराएवढा मोड, फडक्यातून बाहेर आलेला. ही मटकी आणि घटातली मटकी एकाच डब्यातली. मग दाण्यात खोट नव्हती. फरक एवढाच की आदल्या दिवशी कळशी संपली होती, पाय सुजल्यामुळे मला विहिरीपर्यंत जाववलं नव्हतं, आणि मटकी मी सासूबाईंच्या चोरून नळाच्या पाण्यात भिजवली होती.

मी तशीच फडकं हातात घेऊन बसून राहिले. मग वाटलं, छे, घटाला मातीच वाईट मिळाली असेल. लगेच वाटलं, आणि पाणी असेल तर?

चऱ्होलीहून माझा भाऊ किसन उपवासाला रताळी देऊन गेला होता. रताळ्यांना तिकडची माती चिकटलेली होती. मी ती सगळी खरवडून काढली. जळणात टाकलेल्या नारळाच्या चार करवंट्या घेतल्या. दोन करवंट्यांत चऱ्होलीची माती घातली, दोन करवंट्यांत आमच्या रानातली. चारींत तीच मोड आलेली मटकी पेरली. मग चऱ्होलीच्या एका करवंटीत नळाचं पाणी आणि दुसरीत विहिरीचं. आमच्या मातीच्या दोहोंतही तसंच. विहिरीचं पाणी ज्यांत होतं त्यांना कोळशानं फुली मारली आणि मागच्या दाराशी उन्हात पाटीखाली चारी झाकून ठेवल्या. शाळेत आमच्या बाईंनी ओल्या कापसात वाल उगवून दाखवला होता, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आता मी दिवसातून दहादा पाटी उचलून बघत होते.

घरात देवीसमोर मी एकच मागणं मागत होते. मातीच वाईट निघू दे. माती आम्ही खात नाही.

सातव्या माळेच्या सकाळी पाटी उचलली. आमच्या रानातल्या मातीच्या दोन्ही करवंट्या मेल्यासारख्या गप्प होत्या. चऱ्होलीच्या मातीत नळाच्या पाण्यावर मटकी दाट हिरवी वर आली होती. चऱ्होलीच्याच मातीत, फुली मारलेल्या करवंटीत, तीन-चार कोंब होते. वाकलेले, पिवळे, टोकाला जळालेले. भिंत झाल्यापासून आमचा घट यायचा अगदी तसे. त्या वर्षांत माती रस्त्याकडेची होती, पण पाणी हेच होतं.

आणि आदल्या संध्याकाळपासून माझ्या पोटात काही हाललं नव्हतं.

मी ह्यांना हाक मारली. हे पाळीवर जायला निघाले होते, डबा हातात. मी करवंट्या दाखवल्या, काय केलं ते सांगितलं. ह्यांनी खाली बघितलं आणि मला एकदम कळलं की ह्यांना काहीतरी माहीत आहे.

"खात्याच्या मागं खड्डा हाय," हे हळूच म्हणाले. "समदं पानी तितंच सोडत्यात. पिवळं असतंय. पर ते इहिरीत उतरंल असं मला काय म्हाईत?"

"आन् माती कुठनं आनली?"

ह्यांनी दाराबाहेर कुणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाले, "कौसल्या, कुठं बोलू नगंस. नोकरी जाईल."

त्यावर मी ह्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ह्यांनी ते ऐकून घेतलं. डबा खाली ठेवला आणि पायरीवर बसले. तेवढ्यात सासूबाई विहिरीवरून आल्या. कळशी उतरवली, तांब्या भरला आणि रोजच्यासारखा माझ्यापुढे धरला. नवरात्राचा उपवास असूनही त्यांनी ही खेप चुकवली नव्हती.

"पी."

"न्हाई पेनार."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना असं तोंडावर कधी बोलले नव्हते. मनात मात्र रोज बोलत होते.

"काय झालं? घट उगवंना म्हनून जीव घाबरलाय तुझा. म्हनूनच पी. आपल्या इहिरीचं हाय, पोराला ताकद यील."

"आत्याबाई, त्या पान्यात कंपनीचं काहीतरी उतरलंय."

"मी जलमभर पितीय. मला काय झालंय?"

"तुमी पोटुशी हुता तवा ही कंपनीची भिंत नव्हती."

त्यांचा चेहरा लाल झाला. ही विहीर त्यांच्या नवऱ्यानं खणली होती. त्या स्वतः पाटीनं माती वाहत होत्या, ह्यांना पोटात घेऊन. मला वाटलं, आता तांब्या अंगावर येतो. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना ओढतच मागच्या दाराशी नेलं.

"ही चऱ्होलीची माती. हीबी चऱ्होलीचीच. मटकी एकाच डब्यातली. हिला नळाचं पानी घातलं. हिला आपल्या इहिरीचं."

त्या खाली बसल्या. मी आणखी समजावून सांगायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. आयुष्यभर घट वाचणारी बाई ती; करवंट्या वाचायला तिला माझी सातवी पास अक्कल कशाला लागते? त्यांनी वाकलेला एक कोंब बोटानं उभा केला. तो परत पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. मग त्यांनी माझ्याकडे वर बघितलं.

"पोटात हालतंय का?"

खोटं बोलावंसं वाटलं. "कालपासून न्हाई," मी म्हणाले.

सासूबाई उठल्या. तांब्यातलं पाणी त्यांनी मोरीत ओतलं, कळशी आडवी केली. "ज्योत्या, रिक्षा आन," म्हणाल्या. घट बसल्यावर त्या विहिरीपलीकडे कुठं पाऊल टाकत नसत आणि दिव्यापाशी माणूस ठेवल्याशिवाय विहिरीवरही जात नसत. शेजारची रंभा नुकतीच हंडा घेऊन आमच्या विहिरीकडे निघाली होती. सासूबाईंनी दारातूनच तिला हाक मारली, "रंभे, परत फिर. आमच्या इहिरीचं पानी आजपास्नं कुनी पेयाचं न्हाई." ज्या पाण्याची त्यांनी गल्लीभर मिजास मिरवली होती, त्याबद्दल त्या एवढं मोठ्यानं बोलल्या की समोरची दारं उघडली. दिव्यात तेल कमी होतं. मी तसं म्हणाले, तर म्हणाल्या, "जाऊ दे. चल."

रिक्षा खड्ड्यातून जायची तेव्हा मी पोट दोन्ही हातांनी धरून ठेवायचे आणि आत काही हालतंय का ते बघायचे. दर धक्क्याला वाटायचं, हे आतून होतं. मग कळायचं, बाहेरून होतं. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या अनवाणी होत्या आणि त्यांचे धुळीनं भरलेले पाय मला सारखे दिसत होते.

दवाखान्यात नर्सबाईंनी मला टेबलावर घेतलं. लाकडी नळकांडं पोटावर ठेवून त्याला कान लावला. इकडे लावला, तिकडे लावला. त्यांच्या कपाळावरची आठी मी बघत होते. मी मनात देवीला काही मागितलं नाही. नर्सबाईंनी हात वर केला, म्हणजे बोलू नका. खोलीत तर कुणीच बोलत नव्हतं. खूप वेळ त्या तशाच वाकून राहिल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "जरा मंद आहे, पण आहे."

मी हंबरडा फोडून रडले. डॉक्टरांनी मग तपासलं, पाण्याचं विचारलं. पाण्यामुळेच असं सांगता येत नाही म्हणाले, पण ते पिऊ नका म्हणाले, आणि बाळंत होईपर्यंत आठवड्याला येऊन दाखवा. पुढचं काही नक्की सांगता येणार नाही, हेही म्हणाले.

बाहेर आले तेव्हा सासूबाई बाकावर नव्हत्या, बाकाखालच्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आत्याबाई, हाय," मी म्हणाले. "ठोका लागतोय."

त्यांनी मान हलवली. हात जोडले, पण कपाळापर्यंत नेले नाहीत, मांडीवरच राहू दिले. मला वाटलं उपवासानं भोवळ आली असेल, म्हणून मी खाली वाकले.

"आन् आदीची दोन?" त्यांनी विचारलं.

त्यांची नजर माझ्या पोटावर होती.

"तांब्या मीच देत हुते न्हवं तुला?"

इतकी वर्षं ह्या बाईला द्यायची उत्तरं मी मनात तयार ठेवली होती. वांझोटी म्हणून टोमणा मारला त्याचं, माहेरावरून बोलल्या त्याचं, दुसऱ्या वेळी तिसऱ्याच दिवशी मला चुलीपुढे बसवलं त्याचं. ह्या एका प्रश्नाला नुसतं "व्हय" म्हटलं असतं तरी सगळ्यांची फेड झाली असती, आणि ते कदाचित खोटंही ठरलं नसतं. माझ्या तोंडाशी तो शब्द आला होता. मी पोट सांभाळत त्यांच्या शेजारी फरशीवर बसले.

"पेत तर मी हुते," मी म्हणाले.

त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागल्या. वडील गेले तेव्हाही आई अशी रडली नव्हती, असं हे नंतर म्हणाले.