बिनभोपळ्याची फुलं

सूनबाईच्या हाताला कात्रीची सवयच तशी होती. कपड्यांच्या कारखान्यात ती दोरे कापायच्या टेबलावर बसे. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवणीतून लोंबकळणारा दोरा दिसला की कच्चकन कापायचा, पुढचा शर्ट ओढायचा. घरीसुद्धा पडद्याचा, उशीचा, झोपलेल्या नवऱ्याच्या बाहीचा दोरा तिच्या नजरेतून सुटत नसे. नवरा म्हणायचा, हिच्यासमोर मिशी वाढवायची म्हणजे जोखीमच.

गच्चीवरच्या भोपळ्याच्या वेलाला तिनं हात लावला तो याच सवयीनं, आणि चांगल्या मनानं.

वेल सासऱ्यांचा. म्हणजे खरा सासूबाईंचा. त्या होत्या तोवर दर वर्षी आपल्याच भोपळ्याचं बी राखून ठेवायच्या आणि पुढच्या वर्षी लावायच्या. त्या गेल्या, मागोमाग जुनं घर सुटलं. या पाचव्या मजल्यावर येताना सासऱ्यांनी बाकी कशाची फिकीर केली नाही, ती बियांची पुरचुंडी मात्र शर्टाच्या खिशात जपून आणली. पुढं बरेच दिवस लावायचा धीर झाला नाही. यंदा पत्र्याच्या डब्यात माती भरून सगळ्या बिया टोचल्या, तर एकच उगवली. म्हणजे या वेलाला एक तरी भोपळा पिकला तर सासूबाईंचं बी पुढं चालणार, नाहीतर तिथंच संपलं.

वेल जोमानं वाढला, फुलला. पण अंगठ्याएवढा भोपळा दिसायचा, पिवळा पडायचा आणि गळायचा. एकामागून एक तसंच. सासऱ्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. हात थरथरायला लागला तसे ब्रश डब्यात उभे राहिले ते राहिलेच. वेलापाशी बसून ते स्वतःलाच बोल लावायचे. पाणी जास्त झालं असेल, नाहीतर कमी. बायकोच्या हाताला गुण होता, आपला हात मेला सांडलवंड करणारा. हल्ली ते जेवणावरूनही अर्धवट उठायचे.

सूनबाईला ते बघवेना. तिनं वेल नीट न्याहाळला. काही फुलांच्या मागं इवलासा भोपळा होता. बरीचशी फुलं मात्र नुसत्या लांब दांडीवर उभी, मागं काहीच नाही. तिला वाटलं, ही फुकटखाऊ. वेलाचा सगळा रस हीच ओढतायत, म्हणून कामाची उपाशी मरतायत. मग रोज सकाळी कपडे वाळत घालायला गेली की ती बिनभोपळ्याची फुलं कापून गाऊनच्या खिशात टाकायची आणि खाली येऊन कचऱ्यात. सासरे वर यायचे ते उन्हं चढल्यावर. त्यांना ती काही बोलली नाही. एक भोपळा धरू दे, मग सांगू, असा मनसुबा.

त्या सकाळी मागं भोपळा असलेलं शेवटचं फूल उमललं. वेलाचा शेंडा वाळायला लागला होता, दुसरी कळी नव्हती. म्हणून सासरे लवकर, सूनबाई कपडे वाळत घालत असतानाच वर आले. मागून खालच्या मजल्यावरची निवृत्त नर्सबाई चादर घेऊन आली. या बाईची जीभ तिच्या सुईपेक्षा जास्त टोचायची. तिनं गळलेले भोपळे उचलले, वेल इकडून तिकडून चाळला आणि म्हणाली, "पेंटर, पोरं एवढी, पण बाप कुठाय यांचा?"

"बाप?" सासऱ्यांनी विचारलं. मग तिनं समजावून सांगितलं. नुसत्या दांडीवरचं फूल ते नर. त्यातली पिवळी भुकटी मागं भोपळा असलेल्या फुलाच्या आत लागायला हवी, तरच भोपळा तगतो. ती ने-आण मधमाश्या करतात. पण या वेलावर नर फूलच नाही. मधमाशी आली तरी हात हलवत परत जाणार.

"आलीच नसतील ती फुलं," सासरे पुटपुटले. "माझ्याच हातून काहीतरी चुकलं."

सूनबाईच्या खिशात आत्ताच कापलेली दोन फुलं होती. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं; सासऱ्यांनी दोष आपल्या माथी घेतलाच होता.  तिनं खिशात हात घातला.

"तुमच्या नाही, बाबा. माझ्या हातून. मी रोज कापत होते."

फुलं जरा चुरगळली होती, पण आतली भुकटी तशीच होती. सासऱ्यांनी वाकून तिचा तळहात पाहिला. बोलले तर बोलू देत, तिनं मनाशी ठरवलं.

"आणि मी समजत होतो," ते म्हणाले, "तुझी सासू रागावलीय माझ्यावर."

नर्सबाईनं दोघांनाही रडायला सवड दिली नाही. ऊन चढलं की फूल मिटेल, म्हणाली. तिनं नर फुलांच्या पाकळ्या काढून मधला दांडा उघडा केला आणि सूनबाईपुढे धरला. सूनबाईनं हात मागं घेतला. आज या हाताचा भरवसा नाही, बाबांनीच लावावं. सासरे म्हणाले, माझा थरथरतो.

"थरथरू द्या की," नर्सबाई म्हणाली. "मधमाशी काय स्थिर बसते?"

सासरे गुडघ्यांवर बसले. सूनबाईनं उमललेलं फूल दोन बोटांत अलगद धरलं. म्हाताऱ्या हाताची थरथर त्या फुलात उतरली आणि भुकटी सगळीकडे माखली.

पुढचे काही दिवस घरात कुणी भोपळ्याचं नाव काढलं नाही. भोपळा मात्र पिवळा पडला नाही. मुठीएवढा झाला, मग तांब्याएवढा. सूनबाईनं कारखान्यातल्या चिंध्यांची झोळी शिवून त्याला आधार दिला. सासरे पोटभर जेवू लागले.

एके सकाळी ती वर गेली तर डब्याला पत्र्याची पाटी टेकवलेली. अक्षरं वाकडी, रेघा हललेल्या: फुले तोडू नयेत.

"इथं आपण तिघंच येतो, पेंटर," नर्सबाई म्हणाली. "ही पाटी कुणासाठी?"

"कात्रीसाठी," सासरे म्हणाले.

सूनबाई हसली. शेवटच्या अक्षराखाली रंगाचा एक बारीक ओघळ दोऱ्यासारखा लोंबत होता. तिनं तो तसाच राहू दिला.