दोन चौकोन, सात कोपरे

मी एक जुना व्हीआर चष्मा आहे, मित्रांनो. वय वर्षं तीन. पण आमच्यात एवढ्यात म्हातारपण येतं. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या एका मोटार कारखान्यात मला डोळ्यांवर चढवून नवे कामगार नट आवळायला शिकत. मग नवं मॉडेल आलं आणि मी अंबत्तूरच्या एका शाळेला दान झालो.

तिथं गणिताच्या विद्युलता मिसनी माझ्यात शेजारच्या जुन्या मशिदीचा देखावा भरला. मुलं घुमटाखाली उभी राहत, नक्षीतले तारे बोटानं फिरवत आणि भूमितीच्या तासाला चक्क गप्प असत. अशानं कोणालाही संशय येणारच. पालकसभेनं तपासणीला वर्गातल्या कीर्तना नावाच्या मुलीच्या आजोबांना धाडलं. तुळजाजी, तंजावरी मराठी, संरक्षण खात्याच्या कारखान्यातले निवृत्त तपासनीस. ते नाही म्हणाले, की मी कपाटात आणि तास बंद.

त्यांनी मला उलटा करून हुंगलं. मग चपला काढून भिंतीशी लावल्या.

"आजोबा, खुर्चीवरच तर बसायचंय!" कीर्तना हसली.

"मशिदीत जायचंय ना? मग."

मला डोळ्यांवर चढवून आत गेल्यावर त्यांचं बोट हवेत फिरू लागलं. "मिस, हा तारा कसा करतात?"

"दोन चौकोन एकावर एक. वरचा पंचेचाळीस अंशांनी फिरवायचा. आठ टोकं होतात."

"अय्यो! मग कोपऱ्यातल्या ह्याला सातच कशी? एक कोण घेऊन गेला?"

मित्रांनो, माझ्यावरचा घाम नेहमी दुसऱ्याचा असतो. त्या दिवशी मात्र तो माझाच वाटला. मिसचा चेहरा उतरला.

"बांधणाऱ्यानं चुकवलं की ह्या डबड्यानं, ते बघून सांगतो," तुळजाजी म्हणाले.

शनिवारी सगळा वर्ग खऱ्या मशिदीत गेला. मीही होतो, कीर्तनाच्या पिशवीत, आरोपी म्हणून. तिथल्या वृद्ध देखरेखदारांनी तमिळमध्ये विचारलं, "काय पाहायचंय?"

"एक कोपरा हरवलाय," तुळजाजी म्हणाले.

"आमच्याकडचा नसेल. मोजून घ्या."

मुलांनी माना वर करून मोजलं. आठ. पुन्हा मोजलं. आठच.

तुळजाजींनी शेरा लिहिला : 'मशीद बरोबर. चष्मा खोटारडा. तास चालू ठेवावा.'

मिस माझ्यातला तारा दुरुस्त करायला निघाल्या, तर ते म्हणाले, "राहू द्या हो. सापडू दे पोरांना."

तेव्हापासून मुलं चपला काढून मला घालतात आणि आधी टोकं मोजतात. मित्रांनो, माझी काच मऊ फडक्यानं पुसा, पट्टा ओढू नका. आणि मी कितीही सुंदर दाखवलं, तरी एकदा जाऊन मोजून या.