पुंजाजीचा करा

जमुनानं कुंभाराकडचा नवा करा उचलून देवाच्या कोनाड्यापाशी ठेवला, आणि दुर्गाबाईनं तो तिथून उचलून परत ओट्यावर नेऊन आदळला. फुटला नाही एवढंच नशीब. सकाळपासून सासू-सुनेचं हेच चाललं होतं. आखाजीचा, अक्षय्यतृतीयेचा दिवस; घरोघरी मेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याचे करे भरले जात होते. सासऱ्याचा करा भरून झाला होता. अडलं होतं ते या दुसऱ्या कऱ्यावर.

"माह्या जित्या लेकाच्या नावानं पानी भरू? जीभ झडन तुही!" दुर्गाबाई म्हणाली.

"जिता हाये तं येत काहून नाई?" जमुना म्हणाली. "चार सालं झाले."

पुंजाजी, जमुनाचा नवरा, कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा गाड्यांबरोबर मुंबईला गेला होता. त्या साली अख्खं वऱ्हाडच येडं झालं होतं म्हणा ना! पुढे साता समुद्रापारची, अमेरिकेतल्या गोऱ्यांची लढाई संपली, भाव धाडकन पडला, आणि गेलेले एकेक करून तोंड लपवत परत आले. पुंजाजी तेवढा आला नाही. ना चिठ्ठी, ना निरोप.

जमुनाचा भाऊ नत्थू तिवश्याहून बैलांची दमणी घेऊन आला होता. तिथं एक बिजवर तिच्याशी पाट लावायला तयार होता; माणूस भला होता. पंचांचं म्हणणं एवढंच, की मायनं लेकाचा करा भरला म्हणजे सून मोकळी. झालं! सगळ्याची किल्ली म्हातारीच्या कमरेला. जमुनाचा पाय घरात ठरत नव्हता. चुलीतलं लाकूड ती मागं ओढी, पुन्हा पुढं सारी. आपला नवरा मेलेला असावा असं वाटणं हे पाप आहे, हे तिला कळत होतं. पण वाटायचं ते वाटतच होतं.

तेवढ्यात शेजारचा चंद्रभान आला. सरकी विकायला तो मुंबईला गेला होता, आणि पुंजाजीचा तपास कर म्हणून दुर्गाबाईनं त्याला शपथ घातली होती. आगगाडीनं तो रात्रीच परतला होता. ओट्यावर बसून तो लोटाभर पाणी प्याला. मान काही वर केली नाही.

"सापडला?" दुर्गाबाईनं विचारलं.

"काकू, तठी मानूस शोधनं सोपं हाये काय! काठेवाडी, कोकणी, मोगल, हबशी, सारा मुलूख येऊन पडला. जागा पुरेना तं समिंदरात माती टाकून जमीन करून राहिले. शेजारी कोन राह्यते ते शेजाऱ्याले ठाव नाई. भाव पडला तवा लई पळाले, बाकीचे तठीच रुजले."

"म्या मुंबईचं नाई इचारलं. पुंजाचं इचारलं."

चंद्रभाननं लोटा खाली ठेवला.

"कुलाब्याले दिसला. बोऱ्यात उतरून कापूस तुडवून राहिला होता, टाचेनं, आपल्या अठीचे तुडवतात तसा. त्याच्यानंच वळखला. नावानं हाक मारली तं पाह्यलं नाई. तठी नावच दुसरं सांगते तो. बाई हाये, काकू. लेकरं हायेत. जवळ गेलो तवा म्हने, मायले सांग भेटला नाई म्हनून. मी आता तिकडचा राह्यलो नाई म्हने."

जिता! म्हणजे सारं आटोपलं. जमुनाला रडू आलं ते नवऱ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. दारातूनच ती भावाला म्हणाली,

"नत्थू, तू बैल जुप अन् जाय."

दुर्गाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं,

"लेकरं केवढाली हायेत?"

"थोरलं चालते, काकू."

तिनं मान हलवली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, ओट्यावरचा करा घेतला, आतून धुतला आणि काठोकाठ भरून नवऱ्याच्या कऱ्याशेजारी मांडला.

"पुंजाजी," ती मोठ्यानं म्हणाली, "घे बाबा, पानी घे."

"काकू!" चंद्रभान उभाच राहिला. "जिता हाये तो!"

"तो तठी जिता हाये. हे पोरगी अठी मरून राहिली, तिचं काय करू?"

आणि तिनं हंबरडा फोडला. दारात मढं असल्यासारखी ती जमिनीवर हात आपटून रडली. त्या रडण्यात खोटं काहीच नव्हतं. जमुना धावली, तिनं सासूला कवेत घेतलं, आणि तिवश्याला जायची ती घाई कुठल्या कुठे गेली. "माय, नको," एवढंच ती म्हणत राहिली.

गल्लीतल्या बाया धावत आल्या. मनकर्णा पुढं होऊन विचारू लागली,

"काय झालं वं? चंद्रभान, काय खबर आनली तुनं?"

चंद्रभाननं दुर्गाबाईकडे पाहिलं. तिनं पदरानं तोंड झाकलं होतं. त्यानं डोक्याचं पागोटं काढून मांडीवर घेतलं.

"मुंबईले पटकी आलती," तो म्हणाला. "म्याच अग्नी देल्ला."