काळ्या चौकटीतली सूचना

शिशिरनं कागद टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही उचलला नाही.

"आत्या, आधी कबूल कर. कोणाले सांगणार नाही."

"अरे, पेपरात छापायची जाहीर सूचना ना ही? मग लपवायचं काय त्यात, डोंबल?"

"छपना है, आत्या. पढ़ा नहीं जाना है. समज ना जरा."

विनोदिनीला हसू आलं, पण पोराचा चेहरा पाहून ते ओठांतच विरलं. तात्यापाऱ्यातल्या या लहानशा हिंदी दैनिकात ती पानं लावायची. संपादक बदलले, मालक बदलले, मध्य प्रदेशाचं छत्तीसगड झालं, कोपऱ्यातलं तिचं टेबल मात्र जागचं हललं नाही. शिशिर तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. आईबापाविना तिच्याच घरी वाढलेला, आणि दोन वर्षं चपला झिजवून आता कुठं एका सल्लागार कंपनीत लागलेला. कारखान्यांना पर्यावरणाची परवानगी मिळवून द्यायची, हे त्या कंपनीचं काम.

नियम तसा चांगला होता. कारखाना वाढवायचा तर आधी गावात जनसुनवाई घ्या, लोकांचं ऐका, आणि तिची सूचना महिनाभर आधी दोन पेपरांत द्या. एक सूचना मोठ्या इंग्रजी पेपरात छापून झाली होती. त्या गावात तो पेपर भजी बांधायलासुद्धा पोचत नव्हता. अहवालाची प्रत पंचायतीत ठेवायची, तीही ठेवली होती, सरपंचाच्या कपाटात. सरपंच कारखान्याचाच ठेकेदार. उरला इथल्या भाषेतला पेपर. शिशिरच्या साहेबांनी मुद्दाम हा शोधला, कारण याचं सातवं पान, जिथं निविदा आणि सूचना छापतात, ते छापणारेसुद्धा वाचत नसत.

विनोदिनीनं कागद ओढून घेतला. ग्राम बोईरडीह. तिचं बोट त्या नावावर थांबलं.

"हे तर आपल्या अंजनाबाईचं गाव रे!"

"म्हणून तर म्हणून राहिलो."

अंजनाबाई म्हणजे चौबे कॉलोनीत रोज सकाळी दारावर भाजी घेऊन येणारी बाई. तिची लाल भाजी तीन पाण्यांनी धुतली तरी भांड्याच्या तळाशी काजळी उरायची. "ये करिया ह धोए ले नइ जाय, दीदी," असं ती स्वतःच म्हणायची, जसा काही दोष तिचाच. ती काजळी त्याच कारखान्याच्या एका भट्टीची होती. आता दुसरी येणार होती, गावच्या तळ्याला लागून.

"आणि कोणी आलंच नाही सुनवाईले, तर?"

"तर तासाभरात आटपते. कोणाचा आक्षेप नाही, असं लिहायचं." शिशिर खाली मान घालून बोलत होता. "गर्दी झाली तर साहेब मलेच पकडतील. नौकरी जाईल, आत्या. सच में."

काय करणार बिचारी! हातानं भरवलेलं पोर समोर गयावया करत होतं. "नाही सांगणार," ती म्हणाली. "माझ्या तोंडून अक्षर निघणार नाही. झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाबाई आली. विनोदिनीनं नको असताना दुप्पट भाजी घेतली. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. ते गिळून ती आत गेली आणि स्वतःवरच चिडून तिनं उगाच भांडी आपटली.

संध्याकाळी पानं लावताना सातव्या पानावर दोन निविदांच्या मधे तेवढीच जागा रिकामी होती. ती बराच वेळ त्या जागेकडे बघत बसली. मग तिनं पाचवं पान उघडलं.

पाचवं पान शोकसंदेशांचं. खरं सांगायचं तर हा पेपर जगला होता तो त्या एका पानावर. कोणाचा तिसऱ्या दिवसाचा उठावना कुठं, कोणाचं दहाव्याचं दशगात्र कधी, हे बघायला सदर बाजारातले शेठसुद्धा तो मागवत. आसपासच्या गावांत पानठेल्यावर एक प्रत जायची आणि कोणीतरी ते पान मोठ्यानं वाचायचा. कारण परवानगीवाचून कारखाना अडतो की नाही देव जाणे, पण गेलेल्याच्या घरी गेलं नाही तर नातं तुटतं.

विनोदिनीनं सूचना तिथं लावली. एक अक्षर बदललं नाही. त्या पानावरच्या प्रत्येक मजकुराला काळी चौकट असते, तशी हिलाही आली.

पेपर निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अंजनाबाईनं टोपली उतरवली आणि पायरीवर बसूनच घेतलं.

"दीदी, मरे-हरे वाले पन्ना मा हमर गाँव के नाव छपे रिहिस! कोन मरिस कहिके सब्बो झन दउड़त आइन."

"मग?" विनोदिनीनं दाराची चौकट धरली.

"ठेलावाला तीन बेर पढ़िस. आदमी के नाव कोनो नइ." अंजनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "नाव एके ठन निकलिस, दीदी. हमर तरिया के."

तळ्याचं नाव त्या सूचनेत आहे हे तिनं वाचलं होतं, पण ते असं कोणी वाचेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं खाली वाकून टोपलीतली भाजी निवडायला घेतली. तोंडून अक्षर काढायचं नाही, असा शब्द दिला होता.

सुनवाईच्या दिवशी शिशिर दिवेलागणीला घरी आला. शर्ट धुळीनं माखलेला. हातपाय धुऊन तो गुपचूप पाटावर बसला.

"झाली?"

"दिवसभर चालली. ट्रॅक्टर भरभरून लोक आले. बायासुद्धा उठून बोलल्या. सब लिखना पड़ा, एकेकाचं."

"आणि तुझे साहेब?"

"उद्यापासून येऊ नको म्हणाले."

विनोदिनीच्या हातातला पळा तसाच राहिला. महिनाभर जी भीती मनात दाबून ठेवली होती, ती अशी वरणभाताच्या ताटासमोर येऊन बसली. आपणच या पोराच्या पोटावर पाय दिला, या विचारानं तिला भडभडून आलं.

"मी येते उद्या तुझ्या साहेबाकडे," ती म्हणाली. "सांगते, त्या पानावर मी लावली. पोट्ट्याले काही माहीत नव्हतं."

"माहीत होतं."

तिनं मान वर केली.

"पेपर निघाला त्याच दिवशी कात्रण फायलीत लावायचं होतं," शिशिर भात कालवत म्हणाला. "पान उघडलं तर वर कोणाचं दशगात्र, खाली कोणाची तेरहवीं, आणि मधे आपली सूचना. साहेबाले दाखवलं असतं तर त्यानं तारीख बदलून दुसरीकडे छापून घेतली असती. मी कैची घेतली. चारी बाजूंनी काळी चौकट कापून टाकली, आणि नुसती सूचना चिकटवली."

विनोदिनीनं पळा खाली ठेवला.

"मेल्या, मग महिनाभर माझ्यासमोर तोंड शिवून काहून बसला? एका शब्दानं सांगायचं नाही मले?"

"तू एक शब्द बोलली असती ना, आत्या, तर मी भिऊन गेलो असतो," तो म्हणाला, आणि त्यानं वरणासाठी ताट पुढं केलं.