बारीक भुसा

लाकडाच्या भुशातून फिनॉल काढायचं, हे माझं काम. फिनॉल एरवी खनिज तेलातून मिळतं. मी तयार केलेला उत्प्रेरक ते लाकडातून सोडवत होता, आणि तेही कुणी कधी ऐकलं नाही इतकं. कुणाला सहसा चांगलं न म्हणणाऱ्या आमच्या मॅडम सोमवारी मला हे काम मांडायला सगळ्या विभागासमोर उभं करणार होत्या. माझी डॉक्टरेट त्यावरच ठरणार होती. मी हवेत होते, खोटं कशाला बोलू?

भुसा बाबांच्या सुतारखान्यातला. एरवी पोतं तेच पाठवायचे, पण शनिवारी ते संपलं म्हणून मी स्वतःच गेले.

बाबा घासायच्या यंत्राखालची पेटी पोत्यात रिकामी करत होते. यंत्रावर काय आहे ते मी पाहिलं. प्लायवूड. थराथरामध्ये गोंदाच्या तांबूस रेघा. हा गोंद फिनॉलपासूनच बनतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

"बाबा, तुम्ही नेहमी इथलाच भुसा देता?"

"मग? तूच म्हणालीस, जितका बारीक तितका बरा. करवतीखालचा भरड असतो. लेकीला का भरड द्यायचा?"

मी पोत्यावरच बसले. लाकडातून काढलं म्हणून मिरवत होते, ते सगळं गोंदातलं. माझ्या उत्प्रेरकाने लाकडाला हात तरी लावला होता का, देव जाणे. राग आला, तो बाबांचा नव्हे. भुसा कशाचा, हे एकदाही न विचारणाऱ्या या दीडशहाणीचा.

काय झालं ते बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा पाहवेना. हात पुसत ते म्हणाले,

"तू सांगितलं नाहीस, तर कुणाला कळणारे का?"

मघापेक्षा हा धक्का मोठा होता. फटीत लांबीचा लगदा भरून खराब सांधा खपवणाऱ्या सुताराला दारातून हाकलून देणारा हा माणूस. माझ्यासाठी कुठवर खाली उतरायला तयार झाला होता.

मी तिथेच फोन लावला.

"मॅडम, माझे आकडे खोटे आहेत. सोमवारचं रद्द करा."

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.