अभिप्रायाचा रकाना

अंगणवाडीत खुर्ची एकच असते आणि ती सेविकेची असते. मदतनीस खाली बसते. हा नियम मी केलेला नाही, पण एकोणीस वर्षं तो मला आवडत आला, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी सरिता. आमचं गाव सेनगाव तालुक्यात, आणि गावाला लागूनच फुलसिंग नाईक तांडा. माझ्या अंगणवाडीत सव्वीस लेकरं, त्यातली अकरा तांड्यावरची. गावातली आपल्या पायांनी येतात, तांड्यावरची आणावी लागतात. ती आणते मिना. तीही तांड्याचीच. सहा वर्षांपूर्वी मदतनीस म्हणून लागली तेव्हा दहावी झालेली, दोन लेकरांची आई, मान खाली घालून बोलणारी. लेकरं आणणं-पोचवणं, झाडणं, पाणी भरणं, खिचडी शिजवणं ही तिची कामं. शिकवणं, वजनं घेणं, मोबाइलात नोंदी करणं, घरोघर जाऊन गरोदर बायांना समजावणं ही माझी.

बारावीचा बाहेरून फॉर्म मीच तिला भरायला लावला. दुपारी लेकरं गेली की धडे मीच समजावले, आणि ती पास झाली. "बाई, तुमी नसता तर मी चुलीपाशीच ऱ्हायले असते," असं ती म्हणायची आणि मला बरं वाटायचं. आपण शिकवलेल्या माणसाने आपल्या एक पायरी खाली राहून उपकार मानावेत, यात गैर काय?

मत्सर मला नवा नव्हता. आमच्या पर्यवेक्षिका निता मॅडम माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मलाही पर्यवेक्षिका व्हायचं होतं. आधी पदवी नव्हती, पदवी झाली तेव्हा वय निघून गेलं होतं. मॅडमची स्कूटी दारात दिसली की आजही पोटात दुखतं, पण ते दुखणं जुनं, सवयीचं. वरच्याचा मत्सर माणूस पचवतो. हाताखालचीचा पचत नाही, हे मला फेब्रुवारीत कळलं.

त्या दिवशी मॅडम अचानक आल्या. मी लेकरांना गोल बसवून चित्रांचा तक्ता धरला. गावातली लेकरं "गाय! बैल!" करून ओरडली. तांड्यावरच्या अकरा जणांच्या तोंडाला कुलूप. त्यांच्या घरात गोरमाटी बोलतात, माझी मराठी त्यांच्या डोक्यावरून जाते. त्यातही प्रेमदासची राणी, चार वर्षांची. आठ महिन्यांत तिने माझ्यापुढे एक शब्द काढला नव्हता. डॉक्टरांच्या तपासणीच्या यादीत मी तिचं नाव घातलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'बोलत नाही'.

मॅडमनी यादी पाहिली. "ही मुकी आहे का, ताई?"

"व्हय मॅडम, तसंच वाटते."

चुलीपाशी मिनाला हसू फुटलं. मुद्दाम नाही, तिला राहवलं नाही. पदराला हात पुसत ती आली, राणीपुढे उकिडवी बसली आणि तिने गोरमाटीत काहीतरी विचारलं. मग राणीचं तोंड जे उघडलं ते मिटेचना. शेळी व्याली, पिलू काळं आहे, बापाची मोटारसायकल नाल्यात गेली, गुडघा फुटला. मिना मराठीत सांगत गेली आणि मॅडम हसत गेल्या. बाकीची दहाही सुटली. "याडी, याडी" करत मिनाच्या मांडीवर चढली. याडी म्हणजे आई. मला ती बाई म्हणतात, तेही म्हणायला लावलं तर. रस्ताभर ही लेकरं मिनाशी बडबडत येतात हे मला माहीत होतं. त्यात राणीचाही आवाज असेल, म्हणून मी कधी कान दिला नव्हता.

मॅडमनी राणीचं नाव यादीतून खोडलं. "सरिताताई, या बाईला तुम्ही नुसती खिचडी शिजवायला बसवलंय!" त्या थट्टेने म्हणाल्या, पण मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मग त्यांनी खरी बातमी सांगितली. तांड्याला स्वतंत्र अंगणवाडी मंजूर झाली होती. सेविका तांड्यावरचीच हवी होती, बारावी झालेली. मिनाशिवाय दुसरं नावच नव्हतं. "फक्त तुमचा अभिप्राय लागेल. सहा वर्षं तुमच्या हाताखाली आहे ना."

मिनाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत इतका भरवसा होता की मला तिचा रागच आला.

घरी गेले तर घास गिळेना. आमचे मालक, बुद्धभूषण, म्हणाले, "काहून गप हायेस?"

"मिना सेविका होऊन राहिली."

"मंग चांगलं झालं की! तुझीच शिकवण हाय."

"मंग तुमीच जा तिला पेढे घेऊन."

ते हसले. "सरिते, तुझ्या पोटात दुखून राहिलं."

दुखतच होतं. ती बैठकीत माझ्या शेजारी बसेल, तेही मी कसंबसं सोसलं असतं. पण ती माझी अकरा लेकरं घेऊन जाईल, आणि तिथे ती बोलतील! एकोणीस वर्षं मी घसा फोडला आणि तांड्याची लेकरं गप्प बसली. उद्या सगळ्या तालुक्याला कळेल की गप्प लेकरं नव्हती, बाईच कमी पडली.

दुसऱ्या दिवशी मी चांगल्या अक्षरात अभिप्रायाचा फॉर्म भरला. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. स्वच्छता चोख. आहार वेळेवर, खिचडी उत्तम. स्वभाव नम्र, सांगितलेलं ऐकतात. शेवटचा रकाना होता, 'मुलांना शिकवण्यातील सहभाग'. इथे पेन थांबलं. गाणी मिनाच म्हणायची. रंग, आकडे, फळं तांड्याच्या लेकरांना आधी तीच त्यांच्या बोलीत सांगायची, मग माझा तक्ता. मी लिहिलं, 'मदतनिसाच्या कामात येत नाही.' नियमाने अगदी बराबर. सही केली, शिक्का मारला आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

दीड महिन्याने निवडीची यादी लागली. तांड्याच्या जागेपुढे लिहिलं होतं, 'शिकवण्याचा अनुभव नाही, पात्र उमेदवार नाही.' जागा रिकामी राहिली. पुढची जाहिरात निघेपर्यंत अकरा लेकरं माझ्याकडेच. निता मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "ताई, मला वाटलं होतं तुम्ही लिहाल."

"नियमात होतं ते लिहिलं, मॅडम."

मिना सेनगावला जाऊन विचारून आली. ऑफिसात तिला माझा कागद दाखवला होता. आल्यावर ती भांडली नाही. भांडली असती तर मी पुरून उरले असते. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, झाडलं, पाणी भरलं, खिचडी शिजवली. लेकरं मांडीवर चढायला गेली तर हळूच उतरवून तिने माझ्याकडे वळवली. गाणं नाही, काही नाही. आठवड्याभरात तांड्याची लेकरं भिंतीला टेकून बसायला लागली.

"मिना, एखादं गाणं म्हण की," मी एकदा म्हणाले.

"खिचडी लागंल, बाई."

गेल्या सोमवारी राणी आली ती डोळे सुजवून. मिनाचा हात सोडून ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली, माझ्या पदराचं टोक धरलं आणि बोलायला लागली. पहिल्यांदाच, माझ्याशी! भरभर बोलली, मध्येच हुंदके. एकदा पोटावर हात ठेवला, एकदा तांड्याकडे बोट केलं. शेवटी काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला एकच शब्द कळला, याडी. तो तिच्या आईसाठी होता की मिनासाठी, तेही कळेना.

"मिना, काय म्हणून राहिली ही?"

मिना तांदूळ निवडत होती. तिचे डोळे भरले होते, म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "ते मदतनिसाच्या कामात येत न्हाई."

मग ती उठली आणि राणीला कडेवर घेतलं. "हिला घरी पोचवून येते. पोचवायचं काम माझंच हाय."

दोघी तांड्याच्या रस्त्याला लागल्या. राणी तिच्या कानाशी बोलत होती आणि मिना मान हलवत होती. त्या घरात काय झालं असेल, याची काळजी मला आधी वाटायला हवी होती. ती मागाहून वाटली. आधी मी जळले. दहा महिन्यांनी पोरगी माझ्याशी बोलली होती, आणि कळलं होतं मिनाला.